बाळ आषाढात, आई गणपतीत... आणि मधे दोन सिस्टर

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, नावगाव काढलंय):

"ताई, मी राजापूर तालुक्यातली, वय ६१. मुलगा नि सून कॅनडाला असतात. लग्नाला ११ वर्षं झाली, सुनेची गर्भपिशवी ऑपरेशनमधे काढावी लागली. आता सुनेच्या एका नात्यातल्या बहिणीच्या पोटात त्यांचं बाळ वाढतंय, सगळं मुंबईला, कायद्याने, कोर्टाचा कागद करून. आषाढात तारीख आहे. मुलाला तीन आठवडेच रजा, सुनेचं तिथल्या व्हिसाचं काहीतरी अडकलंय त्यामुळे ती गणपतीलाच येणार. मधले दिवस बाळ माझ्याकडे. पण मुलगा म्हणतो ट्रेन्ड सिस्टर ठेवू, दिवसाची एक रात्रीची एक. घुटी नको, काजळ नको, धुरी नको अशी यादीच पाठवलीय त्याने व्हॉट्सअॅपवर. मी तीन पोरं वाढवली, त्यातलं एक तर घरात लाईट नव्हती तेव्हा. माझ्यावर विश्वास नाही का? आणि बाळ त्या सिस्टरलाच आई समजायला लागलं तर? वाडीत पण विचारतात, पोर नक्की कोणाचं, सोयर कोणाला. काय सांगू?"

वयनी,

'माझ्यावर विश्वास नाही का' ही ओळ मी दोनदा वाचली. बाकीचे प्रश्न सोपे आहेत हो, टोचतंय ते हेच. तर आधी एवढंच सांगते की विश्वास नसता तर त्याने बाळ मुंबईतच एखाद्या भाड्याच्या फ्लॅटमधे दोन सिस्टरांच्या ताब्यात ठेवून दिलं असतं आणि तुम्हाला फोटो पाठवले असते. तसं करतात लोक. तो बाळ तुमच्याकडे आणतोय.

मी सव्वीस वर्षं लेबर रूम आणि नवजात वॉर्डात काढली, त्यामुळे आज्यांशी भांडायचा मला भरपूर अनुभव आहे आणि आता स्वतः आजी झाल्यापासून दुसऱ्या बाजूने भांडायचाही झालाय. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला कुठल्याच आजीने सांगितलेली नाही. तुम्ही तीन पोरं वाढवलीत म्हणता ना, मग जरा आठवा, रात्री दोन वाजता कोण उठत होतं? तुम्हीच. पंचविशीतल्या तुम्ही. पोराला कुशीत घेतलं, पाजलं, परत झोप. उठायची सुद्धा गरज नाही पडली कधीकधी. आणि तुमची आई किंवा सासू काय करत होती? ती तुमचं करत होती. शेगडी, शेक, न्हाणं, डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, ओवा-बाळंतशेपा, कानाला फडकं बांध, वाऱ्याला जाऊ नको. आपल्याकडचं आजीचं सगळं शिक्षण हे बाळंतिणीचं आहे, बाळाचं अर्धं काम बाळंतीण आपल्या अंगानेच करते. दूध तिच्याकडे, ऊब तिच्याकडे, झोपेतसुद्धा बाळाच्या श्वासावर कान तिचा.

तुमच्या घरात ह्या आषाढात बाळ येतंय पण बाळंतीण येत नाहीये. ही भानगड आहे खरी. ती जागा कोणीतरी भरायची म्हणजे घड्याळ लावून, मापाने दूध करून, रात्रभर जागं राहून भरायची, आणि ६१ व्या वर्षी दोन महिने सलग ते करणं तुमच्याच्याने होणार नाही, माझ्याच्यानेही नाही, तिसऱ्या आठवड्यात आपणच सलाईनवर. म्हणून सिस्टर. तुमच्या जागेवर नाही, त्या नसलेल्या बाळंतिणीच्या जागेवर.

आणि बाळंतीण आहे ना, ती मुंबईत आहे! तिच्या पत्त्यावर कोणी आळीव पाठवणार आहे का? ज्या पोरीने नऊ महिने पोटात वाढवलं तिला दूध येणार, तिचं अंग दुखणार, तिची कूस रिकामी होणार. कायद्याने तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा काढावा लागतो, तो तुमच्या मुलाने काढलाही असेल, पण लाडू कुठल्या कायद्यात नाहीत. तुमची सगळी विद्या तिथे लागणार आहे वयनी. जा आठ दिवस, किंवा करून पाठवा. तिचं सिझर झालं तर काय खायचं हे तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच, पण पाठवा.

आता त्या यादीबद्दल. मुलाच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर मी त्याच्या बाजूने आहे, सॉरी. घुटी नको म्हणजे नकोच, आणि आपण म्हणतो थोडंसंच उगाळते, पण जायफळाचे दोन वेढे जास्त झाले की पोर गुंगतं, ते 'शांत झोपलं' म्हणून आपण खूष. माझ्या वॉर्डात असं वीस दिवसांचं बाळ आलं होतं, कापसासारखं मऊ पडलेलं, दूध ओढायची ताकद नाही. वाचलं. आजी कॉरिडॉरमधे बसून होती दोन दिवस, तिला कोणी एक शब्द बोललं नाही आणि तेच तिला जास्त लागलं असणार. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, पहिल्या दिवशी सोन्याच्या अंगठीने पण नाही. काजळात शिसं असू शकतं. धुरी बाळाच्या छातीला वाईट, पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून चुलीवरच्या दोरीला लंगोट टाकाल ना, ते टाका, पण बाळ त्या खोलीत नको. मोहरीची उशी नको, कुठलीच उशी नको, बाळ पाठीवर उताणं आणि कडक गादीवर. नाळेला काही लावायचं नाही, तेल नाही, राख नाही, हळद नाही, आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप सुकून पडते.

पण मालिश? करा की! खोबरेल तेल, तुमच्या घरच्या माडाचं, ते कशाला कोण नाही म्हणेल. हलक्या हाताने, कानानाकात न सोडता. ही तुमची आणि फक्त तुमची वेळ ठेवा, सिस्टरला आधीच सांगून टाका की सकाळचं तेल-पाणी आजीचं. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं, नंतर न्हाणं. मांडीवर घेऊन ओव्या म्हणणं, दृष्ट काढणं (मीठमोहरी ओवाळून दूर नेऊन टाका, बाळाजवळ विस्तवावर नको), हे पण तुमचंच.

दुधाचं खातं मात्र सिस्टरचं, त्यात हात घालायचा नाही. डब्याचं दूध म्हणजे चहा नव्हे की जरा पातळ झालं तरी चालतंय. डब्यावर जे माप लिहिलंय तेच, बहुतेक डब्यांना ३० मिलीला एक सपाट चमचा असतो, शीग लावायची नाही की 'पोट भरत नाही वाटतं' म्हणून जास्त घालायचं नाही. पाणी उकळलेलं, आणि अगदी कोमट करून नाही, ७० डिग्रीच्या वरचं असताना पावडर घालायची कारण जंतू पाण्यात नसले तरी पावडरीत असू शकतात, मग गार करून द्यायचं. बाळाने सोडलेलं दूध तासाभरात ओतून टाकायचं. जीव तुटतो ओतताना, डबे महाग असतात, तरी ओतायचं. पहिल्या आठवड्यानंतर साधारण किलोला दीडशे मिली दिवसाचं, म्हणजे तीन किलोचं बाळ असेल तर दिवसभरात साडेचारशे, आठ वेळांत वाटून. वरचं पाणी सहा महिने नाही. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं त्याने घाबरू नका, दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर आलं पाहिजे, नाही आलं तर डॉक्टर. आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले झाले म्हणजे पोटात पुरेसं जातंय. हे सगळं सिस्टर वहीत लिहील. त्या वहीकडे हिशोबाची वही म्हणून बघू नका, सून आली की तिला पहिल्यांदा ती वहीच वाचायचीय.

आईच्या दुधाचं विचारलं नाहीत तुम्ही, पण मनात असेल. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात १९८९ सालापासून मिल्क बँक आहे, आशियातली पहिली, पण असलं दूध आधी आयसीयूतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जातं, आणि तेच बरोबर आहे. पोटात वाढवणाऱ्या मुलीने पहिले दोनतीन दिवस चिकाचं दूध काढून दिलं तर बाळाला सोनंच, मात्र ते तुम्ही मागायचं नाही. मुलगा-सून तिच्याशी आणि डॉक्टरांशी बोलतील, ती नाही म्हणाली तर विषय संपला, कारण काहीजणींना दूध काढत राहिलं की सुटणं आणखी जड जातं. (सुनेलाही औषधं आणि पंप वापरून दूध आणता येतं काही प्रमाणात, त्याची तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते, तिच्या डॉक्टरांना विचारू दे. नाही आलं तरी ती आईच.)

आता माझं एक मत, जे तुम्हाला आवडणार नाही. पहिला दीड महिना बाळ गावी नेऊ नका.

कारण काय, आषाढातला तुमचा आमचा पाऊस. लाईट दोन-दोन दिवस नाही, फ्रीज बंद, रेंज मिळते ती फक्त कट्ट्यावर नाहीतर वरच्या सड्यावर, विहिरीचं पाणी लाल, ग्रामपंचायतवाले टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) टाकून जातात तेवढंच. राजापूरकडच्या वाडीतून रात्री बाळाला घेऊन रत्नागिरी गाठायची म्हणजे पावसात दोन तास धरा, झाड पडलेलं नसलं तर. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांचा एसएनसीयू (आजारी बाळांचा खास विभाग) आहे, बालरोगतज्ज्ञ आहेत. रत्नागिरीत कोणी पाव्हणा असेल तर त्याच्याकडे, नाहीतर दोन खोल्या भाड्याने घ्या. सिस्टर पण वाडीत टिकत नाहीत हो, सुट्टीच्या दिवशी एसटी चुकली की दुसऱ्या दिवशी पोचणार. आणि मुंबईहून जन्मल्या जन्मल्या निघू पण नका, कावीळ चढते ती तिसऱ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास, ती बघून, वजन वळायला लागलंय हे बघून दहा-पंधरा दिवसांनी डॉक्टरांना विचारून मग निघा. कोकण रेल्वेची पावसाळी वेळापत्रकं तुम्हाला सांगायला नकोत, चार तास गाडी थांबली तर पुरेल एवढं दुधाचं सामान जवळ असू दे. सहा आठवड्यांची लस झाली, पावसाचा जोर उतरला, की श्रावणात न्या घरी. सुनेला गृहप्रवेश तुमच्या घरातच मिळेल, गणपतीसमोर.

घरी न्याल तेव्हा एक जास्तीचा सिलिंडर, एक चांगला थर्मास आणि उकळायला झाकणाचं मोठं पातेलं, तो लाईटवर चालणारा स्टरलायझर लाईट गेली की शोभेचा. बाटल्या, निपल पातेल्यात दहा मिनिटं उकळायच्या. डब्यातली पावडर आपल्याकडच्या दमट हवेत ओलसर होते म्हणून ओला चमचा आत जाता कामा नये. मच्छरदाणी लागेलच.

सिस्टर निवडताना... मुलगा तिकडून ब्युरोशी बोलेल, नर्सिंगचा कोर्स कुठला, एएनएम की जीएनएम, नर्सिंग कौन्सिलचा नंबर, पोलिस व्हेरिफिकेशन ते त्याला बघू दे. जापा बाई (बाळ-बाळंतीण सांभाळायला येते ती) आणि नर्स ह्यात फरक आहे, जापा बाई अनुभवी असते पण नर्स नसते, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं निघालं तर नर्सच हवी. पण दोन प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. एक, ताप आला तर काय कराल? 'ड्रॉप देईन' म्हणाली तर नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे थेट डॉक्टर, घरचं औषध नाही, आणि बाळ गार पडलं, दूध ओढेना, तर तेही तितकंच घाईचं. दुसरा, बाळ तासभर रडतंय आणि तुमचं डोकं फिरलंय, काय कराल? 'मला राग येतच नाही' म्हणणारी पण नको. 'पाळण्यात ठेवते, बाहेर जाऊन दोन मिनिटं श्वास घेते, तुम्हाला हाक मारते' म्हणाली ती ठेवा. बाळाला कोणीही, कधीही गदागदा हलवायचं नाही, हे तुमच्या घरातल्या पुरुषांना पण सांगा.

दोघी ठेवतोय ते मुलाने शहाणपणाचं केलंय. एकीलाच चोवीस तास ठेवतात लोक, मग ती पहाटे बाळ मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपते, आणि दोष तिला. तिला आठवड्याची सुट्टी, झोपायला नीट जागा, गरम जेवण. आणि ती बाळाची सिस्टर आहे, तिला मसाला कुटायला किंवा बांगडे साफ करायला बसवू नका! हसताय, पण मी बघितलंय. आणि तिच्याशिवाय आशाताई पण येणारच, सरकारी नियमाने जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, तुम्ही जिथे राहाल तिथल्या आशाताईला कळवून ठेवा. सरोगसीचं बाळ म्हणून काही वेगळं नसतं त्यात.

कागद. मुलगा असेपर्यंत जन्मदाखला करून घ्यायचा, २१ दिवसांच्या आत नोंद. कायद्याप्रमाणे गर्भ ठेवायच्या आधीच फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटची ऑर्डर घ्यावी लागते, बाळाचे आईबाप कोण आणि ताबा कोणाचा ह्याची, आणि तीच पुढे जन्माचा पुरावा धरली जाते, म्हणून दाखल्यावर थेट मुलगा-सुनेचं नाव येतं. तिच्या दोन-तीन सर्टिफाइड कॉप्या. पासपोर्टला सुनेची संमती लागेल, ती तिकडच्या आपल्या वकिलातीतून करून आधीच मागवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात: मुलगा परत गेला की रात्री दोनला हॉस्पिटलात सही कोण करणार? तुम्हा दोघांच्या नावाने आईबापांचं नोटरी केलेलं पत्र हवं, की बाळाची काळजी आणि औषधोपचाराचा निर्णय आजी-आजोबा घेतील. ते पत्र कपाटात नाही, लसीच्या कार्डाबरोबर पिशवीत.

२००८ ला गुजरातेत आणंदला बेबी मांजीचं प्रकरण झालं होतं, जपानी जोडप्याचं सरोगसीचं बाळ, जन्माआधीच नवराबायको वेगळे झाले आणि बाळ कागदांत अडकलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा त्या बाळाला सांभाळायला कोण आलं होतं माहितीय? जपानहून त्याची आजी. भाषा येत नाही, गाव परकं, आणि महिनोन्महिने इथे. पुढे २०१५ ला परदेशी लोकांना आपल्याकडे सरोगसी बंद झाली, २०२२ च्या जानेवारीपासून नवा कायदा आला आणि पैसे देऊन करायची सरोगसीच बंद झाली. तुमच्या मुलाने हे जे कोर्टाकचेरीचं केलंय ना, ते अशा अडकलेल्या बाळांवरून शिकूनच आलंय.

बाळ सिस्टरला आई समजेल का, ह्याचं उत्तर नाही असं आहे, पण जरा सविस्तर. दोन महिन्यांच्या बाळाला आवाज कळतो, वास कळतो, कोणी धरलं की सैल सोडायचं अंग ते कळतं. 'हीच माझी, दुसरी नको' असं घट्ट चिकटणं साधारण सहा-सात महिन्यांनी सुरू होतं. म्हणजे सून येईल तेव्हा दार उघडंच असणार आहे. तोपर्यंत हात बदलत राहायला नकोत एवढंच, त्याच दोन सिस्टर, तुम्ही, आजोबा. रोज शेजारीण येऊन घेतेय, पुतणी घेतेय असं नको. कोविडात २०२० ला युक्रेनमधे किव्हच्या एका हॉटेलात चाळीसहून जास्त सरोगसीची बाळं ओळीने पाळण्यांत होती, सीमा बंद म्हणून आईबाप येऊ शकत नव्हते, तिथल्या नर्सेस त्यांना व्हिडिओवरून बाळं दाखवायच्या. तेच करा, रोज एका ठरलेल्या वेळेला, पण नुसतं बाळ दाखवू नका, सुनेला बोलू द्या, गाऊ द्या, अगदी बाळाच्या कानाजवळ. बाळ झोपलं असलं तरी.

आणि ती आल्यावर सिस्टरला लगेच काढू नका! आठ-दहा दिवस दोघी एकत्र. पहिल्या दिवशी सून बघेल, मग एक फीड तिची, मग तीन, मग रात्र तिची आणि सिस्टर बाजूच्या खोलीत. उघड्या अंगावर बाळ घेऊन पडून राहायला सांगा तिला तासन् तास, घरात तेवढी एक खोली पाहुण्यांपासून वाचवा. पहिल्या दोन दिवसांत ती चुकेल, लंगोट उलटा बांधेल, तेव्हा 'दे इकडे' म्हणून हात पुढे करायचा नाही. हे तुम्हाला घुटी न देण्यापेक्षा अवघड जाणार आहे.

बारसं पण तिच्यासाठी ठेवा. बाराव्या दिवसाला पाळण्यात घालून काय ते नुसतं कुंकू लावा, नाव ती आल्यावर.

वाडीत विचारतात त्यांना सांगा, आमचं नातवंड आहे, सरोगसीने झालं. बास. कायद्याने पण ते त्या दोघांचंच, पोटच्या पोराचे सगळे हक्क धरून. कोणी वाढवलं ते सांगायचं नाही, ती गोष्ट त्या मुलीची आहे, तिला उद्या तिच्या सासरी-माहेरी राहायचंय. सोयर? बाळ तुमच्या घराण्याचं तर सोयर पण तुमचंच पाळा दहा दिवस, मनाला बरं वाटत असेल तर, भटजी वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका, मला त्यातलं काही कळत नाही. फक्त सोयर म्हणून आशाताईला पायरीवरून परत पाठवू नका.

आणि एक काम आजच करा, आंब्याच्या पेट्या भरून झाल्या असतील तर. तुमच्या जुन्या धुवट सुती साडीची दोन दुपटी शिवा. एक बाळासाठी ठेवा, दुसरं सुनेला पाठवा आणि तिला सांगा उशीखाली नको, अंगाशी घेऊन झोप रोज, धुवू नकोस, आणि मुलगा येईल तेव्हा त्याच्या बॅगेतून परत पाठव. बाळाला मांडीवर घ्याल तेव्हा ते तिच्या वासाचं दुपटं तुमच्या खांद्यावर टाकायचं. कॅनडाला पार्सल जायला वेळ लागतो, तेव्हा ह्याच आठवड्यात पोस्टात टाका.